पाय लांबवण्याची शस्त्रक्रिया: निर्णयापासून रॉड निघेपर्यंतची तयारी

उंची वाढवण्यासाठी पाय लांब करायचे, तर टेबलावरचं काम काही तासांत आटोपतं. त्यानंतरचे आठ-दहा महिने काम तुम्हाला करायचं असतं. सर्जन हाड कापून देतो. ते किती वेगाने ओढायचं, स्नायू सैल कसे ठेवायचे आणि कुठे थांबायचं, यावर पुढचं चालणं ठरतं. म्हणून या लेखात ऑपरेशनपेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या काळाबद्दल जास्त लिहिलं आहे.

हाड वाढतं कसं

सोव्हिएत संघातल्या कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव्ह या सर्जनने १९५० च्या दशकापासून ही पद्धत घडवली. कापलेल्या हाडाची दोन टोकं सावकाश एकमेकांपासून दूर नेली, की मधल्या फटीत नवं हाड तयार होत जातं. सावकाश म्हणजे दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तेही ०.२५ मिलिमीटरच्या चार टप्प्यांत. यापेक्षा घाई केली तर फटीत हाडाऐवजी तंतू भरतात आणि नसा (मज्जातंतू) ताणल्या जातात. फार रेंगाळलं तर हाड मध्येच जुळून बसतं आणि लांबवणं थांबतं. नडगीच्या हाडाला मांडीपेक्षा रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून तिथे वेग बहुधा दिवसाला ०.७५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ठेवतात.

सगळा कार्यक्रम तीन भागांचा असतो. कापल्यानंतर ५ ते १० दिवस काहीच ओढायचं नाही. मग रोज ओढायचं. हवी ती लांबी मिळाली की नवं हाड टणक होईपर्यंत थांबायचं. मांडीचं हाड ६ सेंटिमीटर वाढवायचं तर ओढण्याचे ६० दिवस धरा. पुरतं पक्कं व्हायला एकूण दर सेंटिमीटरला महिना ते दीड महिना धरा, म्हणजे सहा ते नऊ महिने. कामाची सुट्टी, पैसे आणि घरची मदत यांचा हिशेब या आकड्यांवर मांडा, हॉस्पिटलमधल्या चार-पाच दिवसांवर नाही.

पहिली पायरी: करायचं का, आणि किती

हाडांची वाढपट्टी, म्हणजे टोकाजवळचा ज्या पट्ट्यातून हाड लांबीत वाढतं तो, बंद झालेली असली पाहिजे. वय काहीही असो, शंका असेल तर एक्स-रेवर ती तपासली जाते. धूम्रपान, आटोक्यात नसलेला मधुमेह, पूर्वी रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास आणि जास्त वजन, यातलं काहीही असेल तर आधी त्यावर काम करा. ते जमत नसेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकला.

मानसोपचारतज्ज्ञाची भेट उपचार म्हणून घ्या. ती निव्वळ सोपस्कार समजून उरकू नका. दिवसातले तासन्‌तास उंचीच्या विचारात जात असतील, आरशात किंवा फोटोत दुसऱ्याच्या खांद्याशी खांदा मोजण्यात जात असतील, तर ५-६ सेंटिमीटरने ती बोचणी जाईलच असं नाही. स्वतःच्या शरीराबद्दलच्या अशा ध्यासावर औषध आणि समुपदेशन आहे, आणि त्यात कुठलंही निरोगी हाड कापावं लागत नाही. चांगला सर्जन ही भेट झाल्याशिवाय तारीख देत नाही. जो देतो त्याच्याकडे जाऊ नका.

आता आकडा. मांडीत ५ ते ८ आणि नडगीत ४ ते ५ सेंटिमीटर, या मर्यादेत बहुतेक अनुभवी सर्जन राहतात. हाड यापेक्षा जास्तही वाढवता येतं, पण स्नायू, नसा आणि सांधे तितके साथ देत नाहीत. शेवटचा एक-दीड सेंटिमीटर सगळ्यात महागात पडतो. गुडघा किंवा घोटा आखडणं, नस दुखावणं आणि हाड न भरणं या तक्रारी तिथेच वाढतात. म्हणून सुरुवातीलाच दोन आकडे कागदावर लिहून घरच्यांजवळ ठेवा: हवी असलेली लांबी, आणि जिथे समाधानाने थांबता येईल ती लांबी. ओढण्याच्या सातव्या-आठव्या आठवड्यात झोप उडालेली असते, पाय ठणकत असतात, तरीही मन 'अजून थोडं' म्हणतं. तेव्हा शांत डोक्याने लिहिलेला हा कागद हाताशी असावा.

उंची अनवाणी मोजा, सकाळी आणि संध्याकाळी. दोन्हींत एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. फक्त सकाळचा आकडा धरलात तर पुढे उगाच हिरमोड होईल. बसल्यावरची उंची आणि हातांची लांबी बदलत नाही, हेही आधीच आरशासमोर बसून पाहून घ्या.

मांडी की नडगी

पहिल्यांदा करणाऱ्यांना बहुतेक वेळा मांडी सुचवली जाते. तिथे भोवती स्नायूंचं जाड आवरण असतं, हाड लवकर भरतं, व्रणही कपड्याखाली जातो. त्रास होतो तो गुडघा आणि खुब्याच्या आखडण्याचा. शिवाय हाडाच्या पोकळीत घातलेल्या रॉडच्या रेषेत मांडीचं हाड लांबवलं की पायाची भार वाहणारी रेषा दर सेंटिमीटरला साधारण १ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला सरकते. ज्यांचे गुडघे आधीच एकमेकांना घासतात त्यांनी यावर सर्जनशी नीट बोलावं.

नडगीत मोठा शत्रू म्हणजे पोटरी. ती ताणली गेली की टाच वर उचलली जाते आणि माणूस चवड्यावर चालू लागतो. शेजारचं बारीक हाडही कापावं लागतं, आणि ते घोट्यापाशी वर ओढलं जाऊ नये म्हणून तिथे स्क्रू बसवतात. हा स्क्रू बसवणार आहेत का, हे नक्की विचारा. मांडी आणि नडगी एकाच वेळी करायला नकार द्या.

कुठलं साधन

बाहेरच्या फ्रेममध्ये तारा आणि पिना त्वचेतून हाडात जातात, आणि नट फिरवून हाड ओढलं जातं. खर्च तुलनेने कमी, पण महिनोन्‌महिने फ्रेम अंगावर राहते आणि पिनांच्या भोकांत संसर्ग जवळपास सगळ्यांनाच कधी ना कधी होतो. दुसऱ्या प्रकारात हाडाच्या पोकळीत रॉड घालतात आणि ओढण्यापुरती बाहेर फ्रेम ठेवतात. लांबी मिळाली की रॉडला स्क्रू लावून फ्रेम काढतात. त्यामुळे फ्रेमचा काळ घटतो, पण पिनेचा संसर्ग रॉडपर्यंत पोचला तर तो निस्तरणं अवघड असतं. तिसरा प्रकार पूर्ण आतला: रॉडमध्ये चुंबक असतो आणि बाहेरून यंत्र धरलं की तो फिरून रॉड लांबतो. प्रिसाइस हा यातला बराच वापरला गेलेला रॉड. तो उलट फिरवून आखूडही करता येतो, आणि नसेची तक्रार आली तर याचा मोठा उपयोग होतो. पण टायटॅनियमचा हा रॉड पूर्ण वजन पेलत नाही. जाडीनुसार एका पायावर साधारण १५ ते ३५ किलो इतकीच मुभा असते. पूर्ण वजन पेलणारा स्ट्राइड नावाचा स्टीलचा रॉड गंजण्याच्या तक्रारींनंतर २०२१ मध्ये बाजारातून मागे घेतला गेला. त्यामुळे 'दुसऱ्या दिवशी चालाल' असं कोणी सांगितलं, तर कुठला रॉड, त्याच्या माहितीपत्रकात किती किलो लिहिलंय, ते कागदावर मागा.

सर्जनला विचारायचे प्रश्न

किती पाय लांबवले हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याहून कामाचे प्रश्न वेगळे आहेत. घरी गेल्यावर माझे एक्स-रे कोण बघणार आणि किती तासांत उत्तर मिळणार? रात्री दोन वाजता पाय बधिर झाला तर फोन कोण उचलणार? हाड भरलं नाही तर पुढची शस्त्रक्रिया, पोटरीचा स्नायुबंध सैल करणं, शेवटी रॉड काढणं हे सांगितलेल्या खर्चात धरलंय का? फिजिओथेरपी किती महिने धरली आहे? परगावी किंवा परदेशी जाऊन करत असाल तर ओढण्याचा काळ संपेपर्यंत तिथेच राहण्याची सोय करा. लांबच्या प्रवासात गुठळीचा धोका असतोच, पण खरी अडचण अशी की बिघाड झाला तर दुसरा सर्जन अनोळखी रॉडला हात लावायला कचरतो.

आधीचे तीन महिने

निकोटिन पूर्ण बंद, किमान सहा आठवडे आधीपासून ते हाड पक्कं होईपर्यंत. यात तंबाखू, व्हेप, निकोटिनच्या गोळ्या आणि पट्ट्या सगळं आलं. नव्या हाडाला रक्तवाहिन्या लागतात आणि निकोटिन त्याच आकुंचित करतं. हाड न भरण्याच्या कारणांत टाळता येण्यासारखं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

रक्तात ड जीवनसत्त्व तपासा. ते मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ते आधी भरून काढायला आठवडे लागतात, म्हणून ही तपासणी सगळ्यात आधी. कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम, प्रथिनं वजनाच्या दर किलोला सुमारे १.५ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला १०५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. ओढण्याच्या काळात भूक मरते आणि वजन उतरतं, त्यामुळे खाण्याची सवय आधीच लागलेली बरी. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरांना विचारा, कारण त्या गोळ्यांनी गुठळ्यांचा धोका वाढतो.

स्नायूंचा लवचीकपणा हे खरं भांडवल. पाय सरळ ठेवून पोटरी, मांडीची मागची बाजू, खुब्याची पुढची बाजू आणि मांडीची बाहेरची पट्टी रोज ताणा, प्रत्येक ताण ३० सेकंद, तीन ते पाच वेळा. ज्याला आधीच वाकून पायाच्या बोटांना हात लावता येत नाही त्याने तारीख दोन महिने पुढे नेली तर त्याचा फायदाच आहे. हात आणि खांदेही मजबूत करा, कारण पुढे अंग उचलून सरकायचं ते त्यांच्याच जोरावर.

आणखी एक सराव आधीच करून ठेवा. वजनकाट्यावर एक पाय ठेवा आणि काटा २० किलो दाखवेल एवढाच दाब द्या. डोळे मिटून पुन्हा तेवढाच दाब द्यायचा प्रयत्न करा. 'थोडंसं वजन' म्हणजे किती याचा अंदाज बहुतेकांचा साफ चुकतो, आणि रॉड वाकण्यामागे किंवा स्क्रू तुटण्यामागे हे एक नेहमीचं कारण असतं.

घर

व्हीलचेअर पाय सरळ ठेवता येणारी घ्या. दरवाजे किमान ८० सेंटिमीटर रुंद आहेत का ते मोजा, विशेषतः न्हाणीघराचा. कमोडवर उंच सीट, शेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा, अंघोळीला पाय न घसरणारी खुर्ची लागेल. पलंग व्हीलचेअरच्या बैठकीइतकाच उंच हवा, म्हणजे सरकता येतं. फरशीवरचे गालिचे आणि तारा उचलून ठेवा. पहिले दोन आठवडे रात्रंदिवस सोबत माणूस हवा. पुढे निदान अंघोळ, जेवण आणि एक्स-रेच्या दिवशी तरी.

वॉकर आणि कुबड्या उंची बदलता येणाऱ्या घ्या. हात खाली सोडल्यावर मुठीची पकड मनगटाच्या रेषेशी यायला हवी. तुम्ही उंच होत जाल तसं हे माप चुकत जातं, मग माणूस वाकून चालू लागतो आणि कंबर धरते. कुबडीची भोकं साधारण अडीच सेंटिमीटरवर असतात, तेव्हा दर २-३ सेंटिमीटर वाढीला एक भोक वर.

हॉस्पिटलमध्ये

दोन्ही मांड्यांत रॉड घालताना हाडाच्या पोकळीतली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात अडकू शकते. म्हणून सर्जन हाडाला आधी भोकं पाडून दाब कमी करतात, काही जण दोन पायांमध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवतात. पहिल्या तीन दिवसांत धाप लागली, गोंधळल्यासारखं झालं किंवा छातीवर, काखेत बारीक लाल ठिपके उठले तर लगेच नर्सला बोलवा. औषध घेऊनही न थांबणारी वेदना, पायाची बोटं दुसऱ्याने हलवली की कळवळायला होणं आणि टणक झालेली पोटरी हीसुद्धा तातडीची खूण. स्नायूंच्या कप्प्यात दाब साचला असेल तर काही तासांत स्नायू मरतात.

ओढण्याचे दिवस

एक वही करा. तारीख, वेळ, डावा पाय किती, उजवा किती, एकूण किती. फ्रेम असेल तर १ मिलिमीटर आट्याच्या दांड्यावर नटाचा पाव फेरा म्हणजे ०.२५ मिलिमीटर. नटाच्या एका कडेला रंगाचा ठिपका द्या, म्हणजे फेरा कुठून सुरू केला ते दिसतं. चुंबकी रॉड असेल तर चुंबकाची जागा त्वचेवर मार्करने आखलेली असते. ती अंघोळीत पुसट होते, रोज पुन्हा गडद करा, आणि प्रत्येक एक्स-रेच्या वेळी नव्याने आखून घ्या. यंत्र मांडीवर धरताना त्याची दिशा दोनदा बघा. उलटं धरलं तर रॉड आखडतो आणि वहीत मात्र वाढ लिहिली जाते. जाड मांडीत चुंबकाची पकडही कमी पडते.

म्हणून वहीवर विसंबायचं नाही, एक्स-रेवर विसंबायचं. ओढण्याच्या काळात आठवड्याला किंवा फार तर दोन आठवड्यांनी एक्स-रे लागतो. वहीत १४ मिलिमीटर आणि फटीत १० दिसत असतील तर त्याच दिवशी कारण शोधा. हाड मध्येच जुळायला लागलं तर वेदना वाढत जाते, फट वाढत नाही. मग अचानक 'कट्' असा आवाज होऊन तीव्र कळ येऊ शकते. उलट फटीत नव्या हाडाचा धुरकट पट्टा दिसतच नसेल तर वेग कमी करावा लागतो. हा निर्णय सर्जनचा, तुम्ही स्वतः वेग वाढवू नका.

पिना असतील तर प्रत्येक पिनेला वेगळं गॉज वापरून सलाइनने किंवा सांगितलेल्या द्रावणाने पुसा, आणि त्वचा पिनेभोवती हलू नये म्हणून गॉज हलकं दाबून गुंडाळा. लाली, उष्णता, पिवळसर स्राव किंवा पाऊल टाकताना त्याच पिनेपाशी दुखणं दिसलं की फोन करा.

व्यायाम दिवसाला दोन ते तीन तास, पाच-सहा बैठकांत. त्याखेरीज फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून चार-पाच दिवस. मांडीसाठी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा हवेत सरळ होऊ द्या, दहा-पंधरा मिनिटं. पालथं पडून राहा, वीस-तीस मिनिटं, त्याने खुबा पुढून मोकळा राहतो; हे टाळलं की कंबर आत जाते आणि बसका भाग मागे काढून चालायची सवय लागते. टाच गादीवरून घासत गुडघा वाकवा. गुडघ्याचा कोन रोज मोजा. पूर्ण सरळ होणं जात असेल, किंवा वाकणं ४५ अंशांच्या खाली उतरलं, तर ओढणं थांबवून सर्जनला कळवा. नडगीसाठी पट्ट्याने चवडा स्वतःकडे ओढा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही. रात्री पाऊल ९० अंशांत धरणारं स्प्लिंट चुकवायचं नाही.

गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचा मोह होईल, कारण त्याने लगेच बरं वाटतं. ती घेऊ नका. रात्रीचे आठ तास वाकलेला गुडघा दिवसभराचा व्यायाम खाऊन टाकतो.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि गरजेपुरती तीव्र औषधं दिली जातात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या हाड भरणं मंदावू शकतात, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. तीव्र औषधांनी बद्धकोष्ठता होतेच. पाणी, तंतुमय अन्न आणि सारक पहिल्याच दिवसापासून सुरू असू द्या. झोप तुकड्यातुकड्यांत येते आणि मन खचतं. बोलायला रोज कोणीतरी हवं.

पायाच्या अंगठ्याजवळ बधिरपणा, पावलावर मुंग्या, अंगठा वर उचलता न येणं या नस ताणल्याच्या खुणा आहेत. वेळीच वेग कमी केला किंवा थांबलं तर बहुधा सुधारतात. 'उद्यापर्यंत बघू' म्हणत ओढत राहिलं तर पाऊल लोंबायला लागतं. छातीत दुखणं, धाप, एकाच पोटरीला सूज हे दिसलं तर फोन नाही, थेट इमर्जन्सी. रक्त पातळ करणारं औषध सांगितलेले सगळे दिवस घ्या.

लांबी मिळाल्यानंतर

इथे बहुतेकांचा धीर सुटतो, कारण ओढणं संपलेलं असतं आणि दुखणंही कमी होतं. पण फटीतलं हाड अजून मऊ आहे. समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत हाडाच्या चार कडा दिसतात. त्यातल्या तीन जुळलेल्या दिसल्या की साधारणपणे पूर्ण वजनाची परवानगी मिळते. तोवर दोन कुबड्या, मग एक, मग काठी. खुब्याच्या बाजूचे स्नायू कमकुवत झालेले असतात, त्यामुळे बदकासारखं डुलत चालणं होतं. कुशीवर पडून वरचा पाय उचलण्याचा व्यायाम, १५ वेळा तीन फेऱ्या, रोज केला तर ते महिन्यांनी सुटतं. पोहणं आणि स्थिर सायकल जखमा भरल्यावर परवानगीने लवकर चालतं. धावणं, उड्या, मैदानी खेळ यांना साधारण ९ ते १२ महिने.

हाड भरणं अडलं तर घाबरून जाऊ नका, पण लपवूही नका. रॉड थोडा मागे घेऊन पुन्हा ओढणं, कमरेच्या हाडातून भर घेऊन ती फटीत घालणं, रॉड बदलणं असे उपाय आहेत.

रॉड काढणं

चुंबकी रॉड शरीरात कायमचा ठेवायचा नसतो. बहुधा १२ ते १८ महिन्यांनी, हाड चारही बाजूंनी भरल्यावर तो काढतात. तोपर्यंत कुठल्याही कारणाने एमआरआय सुचवला गेला तर रॉडबद्दल आधी सांगा. त्याची माहिती लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा. काढल्यावर बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालू लागतात, पण स्क्रूची भोकं भरायला काही आठवडे लागतात. सर्जनने सांगितलेला काळ, निदान सहा आठवडे, उड्या, पळणं आणि पायावर पीळ पडेल असे खेळ बंद ठेवा, आणि ते पुन्हा सुरू करण्याआधी एक शेवटचा एक्स-रे काढून घ्या.